चार सुया आणि दोन मांजरे



गेल्या अंकात मी पायमोजे विणायला शिकत असल्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेले आढळले. पहिला असा की, सिल्वासासारख्या उष्ण गावात लोकरीचे मोजे हवेत कोणाला? आणि दुसरा, घरात मांजरे असताना लोकर शाबूत राहते तरी कशी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर एरवी मी थट्टेवारीच दिले असते. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यानंतर ते तसे देणे जमत नाही. म्हणून या महिन्याचे हे पान याच विषयासाठी.

आधी पहिल्या प्रश्नाकडे वळू. सिल्वासा, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे सेलवास, हे दमणगंगेच्या काठचे गाव. वापी स्टेशनवर उतरून अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर. येथे ज्याला उन्हाळा म्हणतात तो खरोखरीच उन्हाळा असतो, हे मान्य. पण मृगापासून हस्तापर्यंत येथे पाऊस असा काही कोसळतो की घरातील फरशी चार महिने ओलसरच राहते, आणि पौष-माघातील पहाटे तीच फरशी बर्फाच्या लादीसारखी पायाला लागते. तरुण पायांना याचे काही वाटत नाही. परंतु आमच्या सासूबाईंनी वयाची ८४ वर्षे गाठली आहेत. उतारवयात पायांकडचे रक्ताभिसरण मंदावते आणि जिवाला उकडत असतानाही पावले गार पडतात, हे ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांना सांगावयास नको.

सासूबाई लग्न होऊन या गावी आल्या त्या १९५९ साली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या अंमलातून मुक्त झाले होते, परंतु भारतात विलीन व्हावयाचे होते. मधल्या काळात येथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चाले. १९६१ साली विलीनीकरण झाले, आणि २०२० पासून हा मुलूख दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. राज्ये बदलली, पण सासूबाईंचा दिनक्रम बदलला नाही. पहाटे उठणे, अंगणात जाणे, तुळशीला पाणी घालणे. हे सर्व त्या पायांत काही न घालता करीत. अलीकडे मात्र रात्री पावले इतकी गार पडू लागली की त्यांना झोप लागेना.

बाजारातून मोजे आणून पाहिले. बाजारी मोज्याला जो ताण असतो तो काठातील रबराचा आणि लवचीक कृत्रिम धाग्याचा. असा धागा कसा होतो हे आम्हां सिल्वासाकरांना निराळे सांगावे लागत नाही. आमली, पिपरिया या बाजूच्या कारखान्यांत तेच तर चालते. पॉलिएस्टरचा गुळगुळीत तंतू तापवायचा, त्याला पीळ द्यायचा, तो त्याच स्थितीत गार होऊ द्यायचा आणि मग पीळ उकलायचा. की तंतू कुरळ्या केसासारखा फुगीर व लवचीक होतो. ही युक्ती मोठी खरी, परंतु सूज येणाऱ्या म्हाताऱ्या घोट्याला तो ताण सोसत नाही. सकाळी मोजा काढला की पोटरीवर दोरी बांधल्यासारखा वळ उमटलेला असे. तेव्हा काठाला रबर नसलेला, हातांनी विणलेला मोजा हवा असे ठरले, आणि घरात कोणालाच ती विद्या येत नसल्यामुळे शिकण्याचे काम माझ्याकडे आले.

आता मोजा ही थंड देशाची वस्तू, असा आपला समज असतो. मौजेची गोष्ट अशी की, आज जगात जतन करून ठेवलेल्या अगदी जुन्या मोज्यांपैकी काही इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत! लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात तांबड्या लोकरीची अशी एक जोडी आहे. ती तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानची मानतात. तिला अंगठ्याचा भाग निराळा आहे, कारण ती चपलांबरोबर घालावयाची होती. ते काम मात्र दोन सुयांचे नव्हे; एकाच सुईने धागा गुंतवीत केलेले. खरे विणकाम म्हणावे असे मोजे त्यानंतर काही शतकांनी, पुन्हा इजिप्तमध्येच मिळतात, आणि ते तर सुती आहेत: पांढऱ्या व निळीच्या धाग्यांत नक्षी घातलेले. आपला ‘मोजा’ हा शब्दही फारसीतून आलेला. तेव्हा उष्ण देशात मोजे विणणाऱ्या आपण काही पहिल्याच नव्हे.

मोज्याची रचना समजून घेतली की स्वेटरपेक्षा त्यात अधिक गंमत वाटते. मी सुईचा नंबर १३ आणि ४ प्लायची करडी लोकर घेतली. एकूण ६० टाके घालून ते तीन सुयांवर वाटले. चौथी सुई विणण्यासाठी मोकळी. सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार असतात आणि विणकाम गोल गोल फिरत जाते, त्यामुळे शिवण म्हणून येतच नाही. काठ दोन सुलट, दोन उलट असा. रबराचे काम हीच वीण करते, पण कातडीला काचत नाही. पुढे नळीसारखे साधे विणत घोट्यापर्यंत यायचे. खरी परीक्षा टाचेची. अर्धे टाके, म्हणजे ३०, एका सुईवर घ्यायचे आणि तेवढ्यांचीच ३० ओळींची पट्टी विणायची; दर ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घ्यायचा. मग पट्टीच्या मध्याजवळ दोन-दोन टाके एकत्र करीत, मधूनच उलटे फिरत, ३० टाक्यांचे १८ करायचे. या १२ आखूड ओळींत सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही. सुयांवर झालेले पाहिले की पटते. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांनी १५-१५ टाके उचलायचे, म्हणजे सुयांवर ७८ होतात. आणि एक फेरी सोडून एक अशा ९ फेऱ्यांत दोन-दोन टाके कमी करीत पुन्हा ६० वर यायचे. घोट्याशी जी तिरकी कळी दिसते ती अशी तयार होते. शेवटी बोटांकडे निमुळते करीत २० टाके उरवायचे आणि बोथट सुईने ते समोरासमोर जोडायचे.

या साऱ्यात लागते ते मोजणे. आणि मोजणे म्हटले की आमच्या घरातील दोन मांजरांचा विषय येतोच.

थोरली मनी, आणि तिचा मुलगा गुंड्या. गुंड्याचे हे नाव मी सुया हाती धरण्यापूर्वीचे आहे. लहानपणी तो अंगाचा गोळा करून निजला की लोकरीच्या गुंड्यासारखाच दिसे. मनी आमच्याकडे आली ती एका पावसाळ्यात, भिजलेली आणि पोटुशी. या मुलुखात मांजराला घर मिळणे फारसे कठीण नाही. भाताची कणगी असली की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर हवेच. शिवाय येथील वारली लोक वाघदेवाला मानतात. मग वाघाच्या मावशीला दारातून कसे हाकलावे? सासूबाईंचे मत मात्र प्रथम निराळे होते. मांजराने ओसरीवर राहावे, माजघरात येऊ नये, हा त्यांचा दंडक. मनीने तो दंडक पहिल्याच थंडीत मोडला. ती जाऊन निजली ती नेमकी सासूबाईंच्या पायांशी, आणि तेव्हापासून तिला उठवायला कोणी गेले की त्याच म्हणत, “असू दे ग, पावलं ऊन राहतात.”

मांजराच्या घरात विणकाम करणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच ठाऊक. मांजर अधिक चपळ होते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि गृहिणीला विणकामाला सवड मिळते तीही तिन्हीसांजेलाच. सुईच्या प्रत्येक टाक्याबरोबर धागा किंचित हलतो. मांजराच्या डोळ्यांना तो गवतातून सरकणाऱ्या किड्यासारखा दिसतो. गुंड्या दबा धरून बसतो, शेपटीचे टोक हलवतो, आणि मी चाळिसाव्या टाक्यावर असताना झेप घेतो. मनीची तऱ्हा निराळी. ती लोकरीवर पुढचे पाय आळीपाळीने दाबीत, कणीक मळावी तशी मळत बसते. पिलू आईला पिताना असेच करते. ती सवय पुष्कळ मांजरांत आयुष्यभर टिकते. मनीला हाकलावे लागत नाही. गुंड्यावर मात्र नजर ठेवावी लागते, आणि ती केवळ लोकरीसाठी नव्हे.

आमच्या घरी पहिल्या दिवसापासून एक रीत आहे. लोकरीचा गुंडा जुन्या अॅल्युमिनियमच्या किटलीत ठेवायचा, झाकण घट्ट लावायचे आणि धागा तोटीतून बाहेर घ्यायचा. विणकाम थांबले की धागा, सुया, कात्री, सारे काही किटलीसह कपाटात. कापलेले तुकडे लगेच डब्यात. ही रीत मला सासूबाईंनी घालून दिली; शिवणाच्या सुईत ओवलेला दोरा उघडा ठेवायचा नाही हे त्यांना त्यांच्या आईने शिकवले होते. घरात रांगते मूल असो की मांजर, नियम एकच.

पण दोरा काही केवळ घरातच असतो असे नाही. आपल्यापैकी ज्या भगिनी गुजरातेत किंवा गुजरातेच्या सीमेवर राहतात त्यांना ठाऊक आहे की, आपल्या तिळगुळाच्या दिवशी येथे उत्तरायण असते. १४ आणि १५ जानेवारीला आकाश पतंगांनी भरून जाते आणि पुढचे पंधरा दिवस झाडे, तारा, गच्च्या, अंगणे यांवर तुटलेले दोरे लोंबत राहतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली. त्या दोऱ्याने पक्षी मरतात, माणसांचे गळे कापले जातात. पण साधा सुती दोराही मांजराच्या पोटात गेला तर तितकाच घातक असतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

उत्तरायणानंतर तिसऱ्या दिवशी गुंड्याने अन्न सोडले. मांजर एखादा दिवस जेवत नाही, यात विशेष नाही. पण त्याने दोनदा ओकारी काढली, मग तो पलंगाखाली अंग आवळून बसला आणि हाकेला येईना. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. माझी पहिली नजर अर्थातच किटलीकडे गेली. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतले, मी जबडा उघडला, आणि जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक दोरा अडकलेला दिसला. माझी लोकर करडी. हा दोरा गुलाबी होता. पतंगाचा.

शेजारच्या एक बाई तेथे होत्या. त्या म्हणाल्या, “ओढून काढा ना, टोक दिसतंय तर!” त्यांचा हेतू चांगलाच होता, आणि कोणालाही प्रथम हेच सुचते. सासूबाईंनी मात्र त्यांचा हात धरला. “नको. आत किती आहे कुणाला ठाऊक? सूनबाई, डॉक्टरांकडे चल आधी.” तासाभरात आम्ही पशुवैद्यांकडे होतो.

ओढू नये ते का, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले, आणि ते प्रत्येक घरी कळावे म्हणूनच मी हे लिहीत आहे. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. त्यांनी ते हाडावरचे मांस खरवडते, अंगावरचे केस विंचरते. पण याच काट्यांमुळे तोंडात शिरलेला धागा थुंकणे त्याला जड जाते. तो आतच सरकत जातो. मग त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या दाराशी अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे आपल्या स्वभावाप्रमाणे त्याला पुढे ढकलू पाहते. धागा तर हलत नाही. मग आतडेच धाग्यावर चढत जाते. परकराची नाडी ओढली की नेफा जसा चुण्या पडून गोळा होतो, अगदी तसे. आणि ताणलेली नाडी त्या चुण्यांना आतून करवतीसारखी कापू लागते. अशा वेळी बाहेरचे टोक ओढणे म्हणजे ती करवत आपल्या हाताने चालवणे होय. म्हणून तोंडातून असो वा मागून, लोंबणारा धागा ओढू नये, आपल्या मनाने कापू नये, तेल किंवा जुलाब देऊ नये, ओकारी काढवण्याचा प्रयत्न करू नये. मांजराला पेटीत घालावे आणि पशुवैद्य गाठावा. अन्न सोडणे, वारंवार ओकणे, लाळ, लपून बसणे, पोटाला हात लावू न देणे, ही लक्षणे. त्यात सुई ओवलेला दोरा गिळला असेल तर धोका आणखीच मोठा.

गुंड्याच्या बाबतीत आतडे चुणले गेले होते, पण फाटलेले नव्हते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. दोरा जठरातून आणि आतड्यातून, दोन ठिकाणी छेद घेऊन काढावा लागला. पशुवैद्य म्हणाले की आणखी एखादा दिवस गेला असता तर त्यांनी आशा दिली नसती. दोन दिवसांनी गुंड्या घरी आला तो गळ्यात कर्ण्यासारखी पट्टी घालून, टाके चाटू नयेत म्हणून. पोटावरचे केस भादरलेले, आणि चेहरा असा की मनीनेही त्याला ओळखले नाही. ती फिस्कारून दूर गेली. दवाखान्याचा वास अंगाला लागला की मांजरे असे करतात. चार दिवसांनी ती त्याचे कान चाटू लागली.

खर्च बराच झाला, हे लपवीत नाही. मोज्यांच्या कित्येक जोड्या त्यात आल्या असत्या. “एका मांजरासाठी एवढे?” असे दोन-तीन ठिकाणी ऐकावे लागले. प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. आपल्या घरांत पैशाला शंभर वाटा असतात. मी उत्तर शोधीत होते, तेवढ्यात सासूबाईंनी ते देऊन टाकले. आपल्याकडे जुनी समजूत आहे की, हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते. त्या म्हणाल्या, “आजचा सोन्याचा भाव काढा, मग बोला. आम्ही स्वस्तात सुटलो.”

पहिला मोजा दिवाळीपूर्वीच पुरा झाला होता. दुसरा टाचेपाशी येऊन थांबला होता. पायमोजे शिकणाऱ्यांत हे नेहमीचे आहे. पहिल्या मोज्यात कुतूहल असते, दुसऱ्यात केवळ कर्तव्य उरते, आणि पुष्कळ मोजे जन्मभर एकटेच राहतात. गुंड्याच्या आजारपणात मला दहा-बारा दिवस त्याच्या खोक्याशी बसून राहावे लागले. औषधाच्या वेळा, थोडे थोडे खाणे, पट्टीवर लक्ष. त्या वेळात दुसऱ्या मोज्याची टाच वळली. धागा किटलीच्या तोटीतून हलत होता आणि गुंड्या त्याच्याकडे पाहतही नव्हता. त्याने पाहावे असे मला फार वाटे. ज्या दिवशी त्याने कर्ण्यातून मान तिरकी करून धाग्यावर डोळे रोखले आणि शेपटीचे टोक हलवले, त्या दिवशी मी किटली उचलून कपाटात ठेवली आणि सासूबाईंना हाक मारली.

फाल्गुन लागता लागता जोडी पुरी झाली. तोवर थंडी संपत आली होती. नवशिक्या हाताचा ताण चार महिन्यांत बदलतो, त्यामुळे दुसरा मोजा पहिल्याहून अर्धे बोट आखूड उतरला आहे. सासूबाई म्हणतात, आपला डावा पाय उजव्याहून लहानच आहे. हे खरे की सुनेला दिलेला धीर, ते मी तपासले नाही. आता आषाढात फरशी पुन्हा ओलसर झाली आहे आणि रात्री मोजे रोज पायांत असतात; वळ उठत नाही, झोप लागते. मोजे घालून त्यांनी फरशीवर चालायचे नाही, हा नियम मात्र या वेळी मी घातला आहे. गुळगुळीत फरशीवर लोकरी मोजा घसरतो, त्यात पायांत मांजर घोटाळते, आणि या वयात पडणे म्हणजे काय हे आपण जाणतो.

येथे एक अडचण उरते. पहाटे उठल्यावर त्या मोजा काढतात, अंगठ्याची चप्पल घालतात, आणि पावले पुन्हा गार पडतात. म्हणून पुढील जोडी सुती धाग्याची आणि निराळ्या अंगठ्याची विणावी असा विचार आहे, त्या इजिप्तच्या तांबड्या मोज्यासारखी, म्हणजे ती चपलेत जाईल. अंगठ्याचे टाके कोठे वेगळे करायचे आणि बाकीच्या बोटांकडे उतार कसा द्यायचा, याची रीत कोणा भगिनीला ठाऊक असेल तर तिने जरूर लिहावे. ती या पानावर तिच्या नावानिशी देऊ. आणि येत्या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की अंगणात, गच्चीवर एक फेरी मारून तुटलेले दोरे गोळा करावेत, एवढी विनंती. आपल्या घरी मांजर नसले तरी शेजारी असतेच.